काळं औषध आणि अनारसा

आमच्या घरात दिवाळीचा एक नियम होता. तात्याकाकांच्या काळ्या बाटलीला औषध म्हणायचं आणि दुखतंय कुणाचं, ते विचारायचं नाही. मी कॉलेजात लॉजिक शिकत होते, पण घरात ते चालत नव्हतं! आणि जिथं विचारायची बंदी, तिथं किस्से साठणारच. अनारशाला खसखस चिकटते तसे या बाटलीला ते चिकटलेत.

*

तात्याकाका पलटणीतून रिटायर झालेले. तिथला गोरा साहेब नाताळात काळी बिअर काढायचा आणि केकबरोबर घोट घोट प्यायचा. तात्यांनी बिअर ठेवली, केक बदलला.

"गटागट न्हाय!" ते माझ्या वडिलांना, आबांना, शिकवायचे. "आदी अनारसा चावा. गूळ जिभंवर पसरला की मग घोट. कडू-गोडाची कुस्ती लागली पायजे. निकालाची घाई न्हाय!"

*

एकदा वहिनीचे वडील कुरुंदवाडहून आले. त्यांनी खरंच काढा समजून नाक दाबून पेला रिकामा केला. मग नाक सोडलं आणि पेला पुढं केला.

"काय पावणं, कसं वाटतंय?" तात्यांनी विचारलं.

"खोकला गेला की!"

"खोकला हुता व्हय?"

"न्हाय. पण येणार हुता!"

*

आत्याचं नाक तिखट. बाटली उघडली की ती स्वयंपाकघरातून ओरडायची, "आंबलंय रे त्ये!"

"आंबवूनच करत्यात, अक्का," तात्या म्हणायचे.

"माझं तांदूळबी तीन दिस आंबत्यात. ते कुणी पेल्यातनं पितं व्हय?"

पण सगळ्यात जाळीदार अनारसे ती निवडून बाटलीच्याच ताटात ठेवायची. पुरुषांची बैठक उठेपर्यंत आम्हा बायकांना त्यातला तुकडाही नाही!

*

पेले विसळायला मात्र मी. एका दिवाळीला तळाशी उरलेला घोट मी चाखलाच. करपलेला गूळ, भाजलेलं धान्य आणि शेवटी कडवटपणा. त्यावर अनारशाचा तुकडा टाकला आणि तात्यांचं म्हणणं पटलं.

"तोंड का पुसतीयास गं?" आत्यानं विचारलं.

"औषध घेतलं."

तिला पुढं विचारता येईना. नियम म्हणजे नियम!

*

मग दारूबंदी येणार, असं गावभर झालं. त्या दिवाळीला तात्यांना एकच बाटली मिळाली. वहिनी नुकतीच टायफॉइडमधून उठली होती. घास उतरत नव्हता, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. डॉक्टर म्हणाले, "भूक लागायला रोज अर्धा पेला काळी बिअर द्या."

आबांनी डॉक्टरांना चहा पाजून वाटेला लावलं. "घरातल्या सुनंला? लोक काय म्हणतील?"

लक्ष्मीपूजन झालं. बैठकीतून आबांची हाक आली, "पोरी, औषध आण!"

मी ताट घेऊन दारात उभी राहिले. बाटली, एक पेला, दोन अनारसे.

"एकच पेला? ठेव हितं."

"नाही ठेवणार. हे वहिनीच्या खोलीत चाललंय."

"बाईमाणसाला दारू देतीस?"

"दारू? आजवर तर औषध होतं! मग सांगा आबा, तुमचं दुखतंय काय?"

आबांनी तात्यांकडं पाहिलं. आत्या आतून दारापर्यंत आली आणि तिथंच थांबली.

तात्या उठले. खिशातून ओपनर काढला आणि माझ्या ताटात ठेवला.