हळदीतला फोटो

नवा कॉम्प्युटर घरात येऊन दीड महिना झाला तरी मी तो खोक्यातून काढला नव्हता. बायको विचारायची तेव्हा शाळेच्या परीक्षा आहेत, पेपर तपासायचे आहेत, असं काहीतरी सांगायचो. खरं कारण वेगळं होतं. आमच्या शाळेतल्या एका सरांनी सहज सांगितलं होतं, की डिलीट केलेला फोटो लगेच जात नाही. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तो डिस्कवर कुठंतरी पडून असतो. ते ऐकल्यापासून मी जुन्या कॉम्प्युटरवर एकही नवी फाईल ठेवली नाही. तोवर त्या जागेवर काय काय लिहून झालं असेल, ते मला माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायचंही नव्हतं, आणि नवा लावायचा तर जुना उघडावा लागणार होता.

दिवाळीच्या सुट्टीत एका दुपारी शेवटी बसलो. चौदा हजारांवर फोटो निघाले. शाळेची स्नेहसंमेलनं, शिक्षकांची प्रशिक्षणं, कळमनुरीतल्या प्लॉटचे चारी बाजूंनी काढलेले फोटो, एकच वाढदिवस तीन फोल्डरांत तीनदा. सगळे नव्या कॉम्प्युटरवर गेल्यावर त्यातल्या प्रोग्रॅमनं चेहरे ओळखून माणसांचे गट केले. माझे साडेसहाशे फोटो, पोरांचे तर हजारोंनी. मायचे नऊ.

त्या नऊंतही कुठं ती कुणाच्या तरी मागं उभी, कुठं पदर तोंडापर्यंत ओढलेला, कुठं कडेला अर्धी कापली गेलेली. बायको चहा घेऊन आली, स्क्रीनकडं बघत उभी राहिली.

"आत्याबाई हसताना एकबी न्हाई व्हय?"

"न्हाई," म्हणालो.

"तो हळदीतला होता की. कुठं गेला?"

मी चहा प्यायला लागलो.

तो फोटो मीच काढला होता. आमच्या गावी, खळ्यात, हळद पॉलिश करायच्या ड्रमजवळ. वडील जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. ड्रम फिरत होता आणि पिवळी भुकटी उडत होती. मायच्या भुवया, केस, हात, सगळं पिवळं झालं होतं. शेजारची एक बाई ओरडली, "ओ वहिनी, हळद तर लागली, आता नवरदेव बघू का आमी?" माय इतकी हसली की तिला तोंड झाकावं लागलं. त्याच क्षणी मी बटण दाबलं.

पुढं ती आमच्याकडं कळमनुरीला आली तेव्हा मी तो फोटो कॉम्प्युटरवर मोठा करून दाखवला. ती खुर्ची ओढून जवळ बसली आणि म्हणाली, "माय गं, ही मीच का?" पण त्या दिवशी मामा आलेले होते. ते चष्मा लावून बघत म्हणाले, "विधवा बाईचा हळदीचा फोटो. चार माणसांत बरा दिसतो का हा? घरात जावई येत्यात, इहिणी येत्यात." मायनं मान खाली घातली. मी फोटो बंद केला. मलाही आतून मामांसारखंच वाटलं होतं, हे आज लिहितो आहे.

पंधरा दिवसांनी तिचा गावाहून फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "बापू, तेवढा तो हळदीतला फोटो काढ बरं कॉम्प्युटरातून."

"काढतो माय."

"इसरशील. आजच काढ."

तिची कामं मी कधीच वेळेवर केली नव्हती. डोळ्यांच्या तपासणीला न्यायचं राहिलं होतं, चप्पल आणायची राहिली होती. हे मात्र फोन ठेवल्याबरोबर केलं. फोटो डिलीट केला, रिसायकल बिनमधूनही काढून टाकला. कॅमेऱ्याचं कार्ड तर आधीच पुसलेलं होतं. मला हलकं वाटलं, हेही खरं.

पोळ्याला गावी गेलो. भाकरी वाढता वाढता तिनं विचारलं, "काढला का फोटो?"

"काढला की. त्याच दिवशी."

"मग आण की इकडं. का पोरीनं ठेवून घेतला?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मायनं आयुष्यभर तलाठ्याकडून सातबारा काढला होता, रेशनकार्डाची झेरॉक्स काढली होती. कॉम्प्युटरातून जे काढायचं ते कागदावर हातात येतं, एवढाच तिचा त्या शब्दाचा अर्थ. तिला तो फोटो भिंतीवर लावायला हवा होता. शब्दानं घोटाळा केला असं म्हणून मी सुटलो असतो. पण ती 'काढ' म्हणाली होती, 'काढून टाक' नव्हे. 'टाक' माझ्या मनातलं होतं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "दुकानात टाकलाय माय. मशीन बिघडलंय त्याचं."

ती विचारत राहिली आणि माझं मशीन बिघडलेलंच राहिलं. मग ती आजारी पडली आणि तिनं विचारायचं बंद केलं. ती गेली तेव्हा हार घालायला चांगला फोटो सापडेना. शेवटी आधार कार्डावरचा मोठा करून आणला. त्यात माय कुणीतरी दटावल्यासारखी समोर बघते. ती त्याच तोंडानं आता आमच्या भिंतीवर आहे.

बायकोनं विचारलं त्याच रात्री फोटो परत मिळवून देणारा एक प्रोग्रॅम मी जुन्या कॉम्प्युटरवर चालवला. दोन दिवस तो चालू होता. शेकडो तुटक्या फाईली निघाल्या. त्यातल्या एकीत वरची पट्टी तेवढी शाबूत होती. खळ्यावरचे पत्रे, त्यांच्यावर थोडं पांढरट आभाळ, ड्रमची कड. त्याखाली सगळं राखाडी. हाच तो फोटो. मायच्या डोक्याच्या दोन बोटं वर तो संपला होता.

ती पट्टी मोबाईलवर घेतली आणि दुसऱ्या दिवशी वारंगा फाट्याला गेलो. तिथं माझ्या मोठ्या बहिणीचं, अक्काचं, चहाचं हॉटेल आहे. हळदीच्या दिवशी तीही खळ्यात होती. गिऱ्हाईक कमी होईपर्यंत बाकावर बसून राहिलो, मग सगळं सांगितलं. मामांचं, फोनचं, मशीनचं.

अक्का दुधाच्या पातेल्यात पळी फिरवत राहिली.

"ती तर सगळ्यांला सांगायची, बापूनं फोटो काढायला टाकलाय म्हणून. मी एकदा म्हणलं, तुझा बापू कशाचा काढतो! तर माझ्याशी दोन दिवस बोलली न्हाई." तिनं पळी बाजूला ठेवली. "मला तवाच काहून सांगितलं न्हाईस?"

माझे डोळे भरून आले.

"हितं रडू नको. गिऱ्हाईक हाय."

दोन ट्रकवाले आले. तिनं त्यांना चहा दिला, पैसे घेतले, हात पुसले आणि माझ्या हातातला मोबाईल घेतला. ती पट्टी बघितली. मग राखाडी भागावर बोट ठेवलं.

"हितं बसली व्हती. कोणत्या हातानं तोंड झाकलं व्हतं, सांग."

"उजव्या."

"कशाचं उजव्या! उजव्या हातात टोपलं व्हतं. डाव्या हातानं झाकलं, अन् टोपलं कलंडलं. हळद सांडली म्हणून आजून हसाय लागली."

टोपलं मला आठवत नव्हतं. चौदा हजार फोटो सांभाळून ठेवले आणि हे माझ्याकडं नव्हतं.

"लुगडं कुठलं?" मी विचारलं.

"फोटो काढणारा तू, अन् इचारतोस मला?" अक्का म्हणाली. पण मोबाईल तिनं परत दिला नाही. बाकावर माझ्याशेजारी बसली आणि बोट थोडं खाली सरकवलं.