आठ खांब

ही गोष्ट मी नवऱ्यालाही सांगितलेली नाही. त्याला मी सगळं सांगते — ऑफिसातल्या कुरबुरी, शेजारणीशी झालेली भांडणं, अगदी त्याच्या आईबद्दल मला काय वाटतं तेसुद्धा. हे नाही. आणि आता तुम्हाला सांगतेय ते मन हलकं करायला, असं समजू नका. तुम्ही नावं ठेवाल — खुशाल ठेवा.

आधी आईबद्दल. सांगलीच्या एका शाळेत ती तीस वर्षं इतिहास शिकवायची, आणि मी त्याच शाळेत, तिच्याच वर्गात. घरी आई, शाळेत बाई — सुटका कुठे? दरवर्षी ग्रीसचा धडा आला की ती फळ्यावर खडूनं अथेन्सच्या टेकडीवरचं ते जुनं देऊळ काढायची. समोर आठ खांब, पट्टी न लावता, अगदी सरळ. मग मोजायला एखाद्या मुलीला उठवायची. बहुतेक वेळा मलाच. एखादी गोष्ट मी स्वतःहून पहिल्यांदा पाहिली, असं लहानपणी कधी झालंच नाही. तिनं ती आधीच सांगितलेली आणि दोनदा वदवून घेतलेली असायची.

२०१७च्या मार्चमध्ये ती आमच्याकडे कॅनडात, मॉन्ट्रियलला लागून असलेल्या लव्हालला आली. फिरायला नाही, माझ्यासाठी. मॉन्ट्रियलमध्ये नोकरी हवी तर मला फ्रेंच यायलाच हवं होतं, क्लास रोज संध्याकाळी, आणि लेक जेमतेम दोन वर्षांची. सहा महिने आईनं तिला सांभाळलं, स्वयंपाक केला, बेसमेंटमधून धुतलेले कपडे वर आणले. त्या जिन्यानं तिचे गुडघे पार कामातून गेले. मी परीक्षा पास झाले, नोकरीही लागली. म्हणून तिच्या परतीच्या वाटेवर, लेकीला नवऱ्याकडे ठेवून, आम्ही दोघींनी चार दिवस अथेन्सला थांबायचं ठरवलं. तिकिटं दाखवली तेव्हा ती रडली. हेही सांगून टाकते — म्हणजे मी काय केलं ते तुम्हाला नीट कळेल.

तीन दिवस ती बोलत होती. प्रत्येक दगडापाशी थांबून. बघ, मी सांगितलं होतं ना? हे कुणी बांधलं, आठवतंय का? मी अडतीस वर्षांची बाई, एका पोरीची आई — आणि पुन्हा सातवी ब! तुम्ही म्हणाल, चार दिवस कळ काढता येत नाही? नाही येत. कुणाकुणाला नाही येत.

चौथ्या दिवशी टेकडी. तिकिटाच्या खिडकीवर मी आईच्या काठीकडे बोट दाखवून इंग्रजीत विचारलं, वर जायला काही सोय आहे का. आतल्या बाईचं इंग्रजी अडखळत होतं. आम्ही मॉन्ट्रियलहून आलोय म्हटल्यावर ती खुलली आणि सरळ फ्रेंचवर आली. म्हणाली, पलीकडच्या बाजूला लिफ्ट आहे, ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी, सोबतीला तुम्हीही जा. आई माझ्या शेजारी उभी होती. तिला एक अक्षर कळलं नव्हतं. पण चेहरा असा फुलला होता — लेक फाडफाड फ्रेंच बोलतेय!

“काय म्हणाली गं?” तिनं विचारलं.

आणि मी सांगितलं, पायऱ्याच आहेत. दुसरी सोय नाही.

किती विचार केला? काहीच नाही. जीभसुद्धा अडखळली नाही. तिच्या गुडघ्यांच्या जिवावर शिकलेली भाषा — आणि तिचा पहिला मोठा उपयोग मी हा केला.

ती म्हणाली, “जा तू. माझ्या वाटचंही बघून ये.” ऑलिव्हच्या झाडाखाली एका बाकावर तिला बसवलं. तिनं पिशवीतून लाडवांचा डबा काढला.

मी वर गेले. दोन तास. मला ते देऊळ माझं मला बघायचं होतं, बस्स. आणि बघितलं. ऊन, वारा, पिवळट दगड, खाली लांबवर पसरलेलं पांढरं शहर — आणि कानाशी कुणी नाही. इतक्या सुखात मी त्याआधी कधी नव्हते, त्यानंतरही नाही. खांब मोजले नाहीत. मुद्दामच.

खाली आले तर तिचा पहिला प्रश्न, “आठच ना गं?” मी हो म्हटलं आणि फोन तिच्या हातात दिला. ती एकेक फोटो मागे-पुढे करून बघत राहिली. सगळ्या फोटोंत मीच. “तूच पुढे उभी की गं,” ती हसली, “खांब कुठे दिसतायत?”

पुढच्या उन्हाळ्यात तिचा सांगलीहून फोन आला. शेजारच्या काकूंना त्यांच्या मुलानं अथेन्स दाखवलं होतं, लिफ्टनं वर नेऊन. पोरींच्या थापा नुसत्या आवाजावरून ओळखणारी बाई ती. पण म्हणाली, “तेव्हा नसेल गं. नंतर बसवली असेल.” आणि थांबली. वर्गात थांबायची तशी — मुलीनं स्वतःहून खरं सांगावं म्हणून.

मी म्हटलं, “हो. नंतरच बसवली असेल.”

मग तिनं विचारलं, जेवलीस का.

आता तिला कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंतही चालवत नाही. अथेन्स तिच्यापुरतं संपलं. आणि मला पुन्हा त्या खिडकीशी उभं केलंत तर? मी एकटीच वर जाईन. हे वाक्य दोनदा खोडलं, आता ठेवतेय. फोनवरच्या त्या “हो”बद्दल मात्र मला असं ताठ मानेनं काही बोलता येत नाही.

लिफ्ट तेव्हाही होती. आणि ते खांब आठच आहेत का — मला माहीत नाही.