माठातला वाळा

"नाकाला विचारून सांगतो, बेटी," म्हणत चाचा वाळ्याची जुडी नाकाशी धरायचे आणि डोळे मिटायचे. अत्तराच्या दुकानात असा एखादा तुम्हीही पाहिला असेल. नांदेडात माझं बांगड्यांचं दुकान, शेजारी त्यांचं अत्तराचं. मुळी हुंगून ते वाळा कुठल्या मातीतला ते सांगत. मी चिडवायचे, "आता गिऱ्हाइकाचं गावही सांगा!"

"चप्पल काढू दे की त्याला आधी," म्हणून हसायचे.

दुकानात दोन ढीग असत. एक माठात टाकायचा. दुसरा कूलरच्या जाळीत भरायचा, कीड लागू नये म्हणून औषध मारलेला. चिठ्ठी नाही, खूण नाही. "नाक हाय ना," म्हणायचे.

त्या उन्हाळ्यात ते महिनाभर तापाने पडले. उठून दुकानात आले तेव्हा पहिली जुडी मलाच दिली. जरा उग्र वाटली, पण चाचांनी दिलेली, मी कशाला शंका घेते? सकाळी माठात सोडली.

दुपारी एक गिऱ्हाईक जुडी परत घेऊन आलं. "चाचा, ह्याला फवारणीच्या औषधाचा वास येऊन राहिला."

चाचांनी हुंगली. पुन्हा हुंगली. तोंड पांढरंफटक पडलं. "बेटी, तुझा माठ!"

दुकानं उघडीच टाकून आम्ही रिक्षा पकडली. रिक्षात मी माहूरच्या आईला हात जोडत होते, ते अल्लाला. घरी माझी सात वर्षांची पोर मोरीत ओकत होती, शेजारीण पाठ चोळत होती. शाळेतून येऊन दोन पेले प्यायली होती.

दवाखान्याच्या पायरीवर मी त्यांच्यावर ओरडले, "वास येत नव्हता तर सांगायचं न्हाई का हो?"

"तापात गेला बेटी. कुणाला सांगू? नाक गेलं म्हटलं तर मी कोण राहिलो?"

"पोरीला काही झालं तर तोंड दाखवू नका मला!"

पहाटे डॉक्टर म्हणाले, धोका टळला. मी धावत बाहेर आले, तर पायरीवर कोणी नव्हतं. चाचा लातूरला मुलीकडे गेले, दुकान बंद. लातूर काय लांब आहे? पण माझा राग जाईना, मी गेले नाही, फोनही केला नाही.

दिवाळीनंतर त्यांची मुलगी दुकान रिकामं करायला आली. चाचा गेल्या जुम्याला वारले, म्हणाली. "अब्बा रोज तुमच्या पोरीचं नाव काढायचे. फोन लावून विचारते म्हटलं की माझा हात धरायचे. उत्तराला लई भ्यायचे."

तेवढ्यात माझी पोर दप्तर घेऊन दुकानात शिरली.

"हीच का ती?" चाचांच्या मुलीने विचारलं.

मला हो म्हणवेना.