हिरण्यकेशीची आई

कोल्हापूरच्या एसटी स्टँडवर ती बाई माझ्या शेजारी बसली होती, आजऱ्याच्या गाडीची वाट बघत. तोंडात रिबीन धरून पोरीची वेणी घालत होती. पोरगी सारखी मान हलवायला लागली, तशी रिबीन हातात घेऊन तिनं दम भरला, "हिरण्यकेशी, गप बस की!"

मी चटकन वळून पोरीकडं पाहिलं. हिरण्यकेशी ही आजऱ्याकडची नदी. अर्थ, सोनेरी केसांची. भावाला मुलगी झाली तेव्हा आत्या म्हणून मी हेच नाव हेरून ठेवलं होतं. आमच्या ओळखीत कुणाचंच नव्हतं. वहिनीला ते लांबलचक वाटलं. बारशात मी बाळाच्या कानात 'आराध्या' म्हटलं आणि पाठीत बायकांचे बुक्के खाल्ले. आता तिच्या वर्गात तीन आराध्या आहेत.

आणि इथं ही पोरगी! केस तर काळेकुळकुळीत.

"एवढं मोठं नाव? हाक मारताना दमत नाही?" मी खवचटपणेच विचारलं.

"दमतो की," ती हसली. "सासू म्हनली, हिरी म्हना. पर तिच्या आत्यानं कानात सांगितल्यालं नाव हाय, ताई. आमी कोन कापनार?"

गाडी लागली. पोरीला पुन्हा अख्ख्या नावानं हाक मारत ती चढली.

त्या आईवर माझा राग नव्हता. कधी न पाहिलेल्या त्या आत्यावर मात्र मी घरी पोचेपर्यंत जळत होते. बुक्के मीही खाल्ले होते.