गायकवाड सरांच्या नळीतलं मेण

रविवार, चैत्रातली दुपार. हजर : प्राचार्य, गायकवाड सरांची मुलगी वैशाली आणि सरांबरोबर प्रयोगशाळेत काम करणारी मी. तीन आठवड्यांपूर्वी अशाच रविवारी सकाळी जुळे सोलापुरातून तिचा फोन आला होता, "मावशी, बाबा उठत नाहीयेत..."

त्या फोनच्या आदल्या संध्याकाळीच सरांनी आणि मी प्रयोगशाळेतलं पोलादी भांडं बंद केलं होतं. आत गुजरातेतून आणलेला तपकिरी कोळसा आणि पंपाने दाबून भरलेला कार्बन डायऑक्साइड. एकतीस अंशांपुढे, पुरेशा दाबाखाली, हा ना धड वायू राहतो ना धड द्रव. वायूसारखा कोळशाच्या छिद्रांत शिरतो, द्रवासारखा आतलं मेण विरघळवतो. दाब उतरवला की तो उडून जातो, मेण झडपेपुढच्या काचेच्या नळीत राहतं. सर म्हणायचे, "आपल्याकडं हीटरबी नको. उन्हाळ्यात नुसता छपराचा पत्रा पुरतो की."

तोच पत्रा आता तापत होता. दिवसकार्य होईपर्यंत भांड्याला कोणी हात लावला नव्हता आणि दाबाचा काटा रोज दुपारी थोडा वर सरकत होता.

"मॅडम, आज मोकळं करा. उद्या मुलं येतील," प्राचार्य म्हणाले. बरोबरच होतं. पण झटक्यात सोडलं असतं तर मेणही वायूबरोबर बाहेर फेकलं गेलं असतं. मागे एक परीक्षक सगळ्यांदेखत म्हणाले होते, "गायकवाड, हे कोळशातलं मेण नाही, तुमच्या पंपाचं ग्रीस आहे." सर तेव्हा हसले. जिन्यात मात्र मला म्हणाले, "लई लागलं बाई. पन त्यांचं चुकलं न्हाय. शंकेला जागा आपनच ठेवली." मग पंप खोलून पुसला, नळ्या धुतल्या, कोळसा न घालता एकदा सगळं चालवलं. नळी कोरी निघाली. त्यानंतरची ही भरणी.

मी झडप केसभर उघडली. काटा उतरू लागला आणि मध्येच थांबला. सुटणाऱ्या वायूच्या गारठ्याने झडपेवर पांढरा बर्फ धरला होता, वाट तुंबली होती.

"आणखी फिरवा की," प्राचार्य दारातूनच म्हणाले.

"फिरवली आणि एकदम सुटलं तर?"

वैशालीने हळूच विचारलं, "बाबांनी काय केलं असतं?"

"हात खिशात घालून उभे राहिले असते."

आम्हीही उभ्या राहिलो. बऱ्याच वेळाने बर्फ सुटला, बारीक फुसफुस पुन्हा सुरू झाली. काटा शून्यावर आला तेव्हा नळीच्या तळाशी पिवळट थर होता.

"जमलं," प्राचार्य म्हणाले.

अजून नाही. सरांची पद्धत अशी, की नळीचं वजन दोघांनी वेगवेगळं करायचं, एकमेकांना न सांगता, मग आकडे समोरासमोर ठेवायचे. एकट्याने केलं तर ते वजन नव्हे, मत, असं ते म्हणत. वैशाली म्हणाली, "दुसरं मी करते."

"तू नको. तुला आकडा मोठा हवाय."

"आणि तुम्हाला, मावशी?"

नळीला बूच लावून ठेवलं आहे. आकडा लहान निघाला तरी ज्याला चालेल, असं माणूस आधी शोधायचं आहे. वजन राहिलं आहे.