वाकून उचललेली बादली

तात्या कमरेत कधी वाकत नसत. खाली पडलेलं पेनसुद्धा गुडघे मोडून, खाली बसून उचलत. सांगलीच्या दवाखान्यात ते आम्हा फिजिओथेरपीच्या पोरांना पेशंट कसा हलवायचा ते शिकवायचे. पाठीमागे आम्ही त्यांना ‘ओळंबा’ म्हणायचो, गवंड्याच्या दोरीसारखे कायम सरळ म्हणून.

नव्वद-एक्याण्णवची गोष्ट. मी आष्ट्याचा, उसाच्या मोळ्या वाहिलेला. एकट्यानं पेशंट उचलण्यात मला मोठी मर्दुमकी वाटे. तात्या भडकत. “पोतं हाय का रं ते? आन् कंबर गेली की गेली, गड्या. हाक मारायला लाज वाटती व्हय?” खाट बुटकी असली तर तिच्या पायांखाली विटा सरकवल्याशिवाय ते आम्हाला पेशंटला हात लावू देत नसत. “माजं एक बी पोरगं कंबर धरून घरी जाणार न्हाई,” असं अभिमानानं सांगत.

एका दुपारी एका निवृत्त सुभेदारांना खाटेवरून खुर्चीत घ्यायचं होतं. देह धिप्पाड, अर्धं अंग लुळं, वाचा गेलेली. मी कुणाला हाक मारली नाही. कवेत घेऊन उचललं आणि वळताना माझा पाय घसरला. तात्या दारातून धावले. वाकून सगळा भार त्यांनी स्वतःवर घेतला. सुभेदार सुखरूप खुर्चीत बसले, तात्या मात्र फरशीवरून उठेनात.

मोठे डॉक्टर धावत आले. तात्या पडल्यापडल्याच म्हणाले, “बादली उचलाय गेलो, सायेब. वाकून.” खरं कळलं असतं तर माझं शिक्षण तिथंच संपलं असतं. सुभेदार धड असलेल्या हातानं माझ्याकडं बोट दाखवत राहिले. लोकांना वाटलं, त्यांना पाणी हवंय. मी पाण्याचा पेला आणून त्यांच्या तोंडाला लावला. पुढं आठवडाभर दवाखाना हसत होता, ओळंबा वाकला म्हणून.

मणक्यातली चकती सरकली होती. ऑपरेशन होऊनही उजवं पाऊल उचलेना. नोकरी सुटली आणि तात्या वाईला घरी गेले.

निदान तात्यांच्या बायकोला, काकूंना तरी खरं सांगायचं, असं ठरवून मी वाईला गेलो. चहा देताना काकूच म्हणाल्या, “जन्मभर पोरांना शिकवलं, आन् सोताच वाकून बादली उचलली बघा. काय म्हणावं या माणसाला?”

तात्यांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. “चूक माजीच हाय,” म्हणाले. मग विचारलं, “परीक्षा कवा हाय तुजी?”

मी परीक्षेची तारीख सांगितली.

काही वर्षांनी तात्या वारले. मागोमाग काकूही गेल्या, ती बादली खरी मानूनच.