तुले कोनं सांगतलं?

फुफीसमोर कोणतीही बातमी एकटी जाऊ शकत नसे. तिच्यासोबत सांगणारा लागे, त्याला सांगणारा लागे, आणि सगळ्यांच्या मागे ज्यानं डोळ्यांनी पाहिलं तो उभा लागे. वडिलांची ही बहीण वडशाला आमच्याच घरात राही. सकाळी मोहल्ल्यातल्या पोरांना कुराण शिकवी आणि उरलेला दिवस आम्हा थोरांची झडती घेई.

घराण्यातले किस्से सांगायचं खातं माझ्याकडे, त्यामुळे हालही माझेच. एकदा जेवताना मी रंगात येऊन सांगितलं, नागभीडजवळ रुळावर वाघ बसला आणि गाडी अडली.

"तू पाह्यला?"

"नाई फुफी, गार्डनं पाह्यला."

"गार्ड तुले भेटला?"

"नाई. पानठेल्यावर एक जण सांगून राह्यला होता."

"त्याचं नाव?"

"विचारलं नाई."

"मंग वाघ राहू दे. पानठेलाच सांग."

या खुळाचं मूळ दीनात, म्हणजे आमच्या धर्मात होतं. पैगंबरांचं वचन म्हणून सांगितलेली प्रत्येक हदीस कोणी कोणाकडून ऐकली, ती साखळी जुने आलिम, म्हणजे धर्मपंडित, तपासत. एखादी कडी विसराळू किंवा थापाडी निघाली की हदीस 'जईफ', म्हणजे कच्ची. फुफीनं तोच शिक्का माझ्यावर मारला. घरातली पोरं मला आजही 'जईफ चाचा' म्हणतात.

जुम्याच्या नमाजनंतर ओसरीवर चहा होई आणि वाद पेटे. कोणी म्हणे, कुराण पुरे आहे. कोणी म्हणे, हदीस नसेल तर नमाज कशी पढायची ते तरी कसं कळणार? कोणी मोबाइलवर आलेलं वचन वाचून दाखवी. आतून फुफीचा आवाज येई, "हदीस मानाचीच हाय. मान हाय म्हणून तर तपासाची."

माझ्या थोरल्या भावाच्या, भाईजानच्या मुलीला, रुबिनाला नागपूरला नर्सिंगला जायचं होतं. भाईजान ऐकत नव्हते. फुफी पोरांना वर्षानुवर्षं शिकवत आलेली एक हदीस तिनं त्यांना ऐकवली, इल्मसाठी, ज्ञानासाठी चीनपर्यंत जावं लागलं तरी जावं. "रसूलचं सांगणं हाय तर मी कोण?" म्हणत भाईजान वळले. रुबिनाची बॅगही आली.

त्याच आठवड्यात फुफीचा जुना शागीर्द इरफान, मदरशातून आलिम होऊन, तिला सलाम करायला आला. फुफीनं कौतुकानं त्याला चीनवाल्या हदीसची साखळी विचारली. तो जमिनीकडे पाहत म्हणाला, "फुफी, बहुतेक आलिम तिले जईफ मानतात. कोणी तं बनावटच म्हणतात."

इरफान गेल्यावर मी हळूच म्हटलं, "पोरगी गाडीत बसू दे, मंग सांगू." वाघाच्या वेळी पाहिलं होतं तसंच तिनं माझ्याकडे पाहिलं.

संध्याकाळी तिनं भाईजानना बोलावलं. "ते चीनवालं मी रसूलच्या नावावर सांगतलं. साखळी कच्ची निघाली. वापस घेते."

"मंग रुबिनाचं?" भाईजान म्हणाले. रुबिना दाराशी उभी होती.

"आता माह्यं ऐक. हे कोणाकडून ऐकलेलं नाई. मले शिकाचं होतं. ब्रह्मपुरीले कॉलेज होतं, अब्बानं जाऊ देलं नाई. त्या दिवसापासून या घरात 'काऊन? कोनं सांगतलं?' करत बसली हावो. पोरीले जाऊ दे. हे माह्या नावावर."

भाईजाननी हातातली टोपी डोक्यावर चढवली. मग म्हणाले, "नागपूरची गाडी कवा हाय?"

फुफी गेली तेव्हा तिला शेवटचं पाणी पाजलं ते रुबिनानं. ती आता गडचिरोलीला नर्स आहे. पेशंटचे नातेवाईक झाडपाल्याचे उपाय सुचवू लागले की तिथेही विचारते, "तुमाले कोनं सांगतलं?"

ही गोष्ट मी घरातल्या पोरांना सांगतो. ती डोळे बारीक करतात. "जईफ चाचा, तुमाले कोनं सांगतलं?"

"कोणीच नाई," मी म्हणतो. "मी तिथंच बसून होतो."